घोड्याच्या पायाची तुटलेली कंडरा : उपचार आणि शुश्रूषेचा आढावा

घोड्याच्या पायाची कंडरा, जिला आपल्याकडे सर्रास नस म्हणतात, ती तारेने, पत्र्याने किंवा फाळाने तुटली म्हणजे जनावर कामातून गेले, असा समज पूर्वी सार्वत्रिक होता आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी कायम आहे. गेल्या पन्नास वर्षांतील पशुवैद्यकाने हा समज पुष्कळ अंशी खोटा ठरविला आहे खरा; परंतु तो सर्व कंडरांच्या बाबतीत सारखा खोटा ठरलेला नाही, आणि बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे घोडा क्वचितच शौकाचा आणि बहुधा चरितार्थाचा विषय असतो, तेथे घोडा जगला एवढ्याने मालकाचा प्रश्न सुटत नाही. या विषयावर जाणकारांचे मतैक्य कोठवर झाले आहे, मतभेद कोठे उरले आहेत, आणि त्या मतभेदांपैकी कोणते आपल्या मुलखात खरोखर महत्त्वाचे आहेत, हे क्रमाने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

बीड जिल्ह्याचा आणि घोड्याचा संबंध जुना आहे. गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेल्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा त्या फौजेचे मुख्य बळ घोडदळ हेच होते. पुढे हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचे ठाणे झाले. आणि १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाल्यावर तिच्या रिसाल्यांपैकी जो विसावा डेक्कन हॉर्स या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वुड या रानाजवळ घोड्यावरून हल्ला चढविला. अशा फौजांबरोबर सालोत्री, नालबंद आणि मोतद्दार असत, आणि जखमी जनावर पाहून ठेवायचे की सोडून द्यायचे याचा निर्णय त्यांना दररोज करावा लागे. मागच्या पायाच्या टाचेवरची कंडरा, म्हणजे धोंडशीर, तोडून शत्रूचे जनावर निकामी करणे हा तर युद्धातील जुनाच प्रघात. तेव्हा ही कंडरा तुटली असता घोडा उभा राहू शकत नाही, हे ज्ञान वैद्यांच्याही आधी सैनिकांना झालेले होते.

विद्येची परंपराही दीर्घ आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले संस्कृत ग्रंथ, नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सा आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक यांतून व्रण, सूज आणि लंगडेपणा यांचे विवेचन आढळते. हीच परंपरा फारसी फरसनाम्यांतून मुसलमानी दरबारांत गेली, आणि तिच्यातील एका ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७८८ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. युरोपात १७६२ साली लिआँ येथे पहिली पशुवैद्यक शाळा निघाली, ती काढणारा क्लोद बूर्जला हा मुळात अश्वारोहणाचा शिक्षक होता. आणि मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले. या सर्व काळात कंडरेच्या दुखापतीवर शेक, लेप, फोड आणणारी औषधे आणि तापलेल्या लोखंडाचा डाग यांपलीकडे फारसे काही नव्हते. तुटलेल्या कंडरेची टोके शस्त्रक्रियेने जुळवून पाय साच्यात बसविण्याची कल्पना घोड्याच्या बाबतीत व्यवहारात आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुरक्षित भूल, प्रतिजैविके आणि हलके, टणक साचे हाती आल्यावरच.

याच काळात देशातील घोडा मात्र कमी होत गेला. पशुगणनेनुसार २०१२ साली घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ६ लाख २५ हजार होती, ती २०१९ साली ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. बीड जिल्ह्यात आज घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहताना, यात्रेजत्रेच्या दिंडीत, आणि काही हौशी बागायतदारांच्या दारी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात जो घोड्यांचा बाजार भरतो, तेथून मराठवाडाभर जनावरे जातात. यांपैकी बहुतेकांचे मालक घोड्याच्या कमाईवर किंवा त्याच्या श्रमावर अवलंबून असतात, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे.

कोणती कंडरा तुटली

या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याविना बरे होण्याविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे, आणि माझ्या मते या विषयातील निम्मा गोंधळ हे उत्तर न घेता मत दिल्यामुळेच होतो. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली आणि मागच्या पायात टाचेच्या सांध्याच्या खाली काम करणारे मांस जवळजवळ नाहीच. वर स्नायू, खाली खूर, आणि मध्ये केवळ कंडरा: मोटेवर बैल धावेवर असतात, पाण्याने भरलेली मोट विहिरीत असते आणि सारा भार मधला नाडा पेलतो, तशी ही योजना आहे. पायाच्या पुढच्या बाजूच्या कंडरा खूर पुढे टाकण्यापुरत्या असतात. मागच्या बाजूच्या कंडरा मात्र दर पावलाला शरीराचा भार झेलतात आणि तो परत उसळवून देतात.

म्हणून पुढच्या बाजूची, म्हणजे पाय ताणणारी कंडरा तुटली असता घोड्याच्या खुराचे टोक प्रथम आत दुमडते, तो पुढच्या भागावर अडखळतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की सर्वनाश झाला. परंतु उभे राहताना त्या पायावर भार घेण्यास त्याला अडचण नसते, आणि काही दिवसांतच तो पाय झटकून खूर सरळ टाकण्यास शिकतो. या जखमांत योग्य बांधणी झाली तर सुमारे तीन-चतुर्थांश घोडे पुन्हा कामाला लागतात, असा निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचा साधारण अनुभव आहे.

मागच्या बाजूच्या, म्हणजे पाय आखडणाऱ्या कंडरांची गोष्ट वेगळी. त्या दोन असतात, एक कातडीलगतची आणि एक तिच्या आतली, आणि त्यांच्याही आत, नळीच्या हाडाला चिकटून, घोटा तोलून धरणारे बळकट बंधन असते. केवळ वरची कंडरा तुटली तर घोटा किंचित खाली बसतो. आतलीही तुटली तर खुराचे टोक जमिनीवरून वर उचलले जाते, आणि ही खूण इतकी स्पष्ट असते की मालकाला ती दुरूनही ओळखता येते. तिसरे बंधनही गेले तर घोटा जमिनीला टेकतो, आणि असा घोडा वाचविणे कोणत्याही साधनसामग्रीनिशी दुष्कर ठरते. सुसज्ज रुग्णालयांतसुद्धा पाय आखडणाऱ्या कंडरा तुटलेल्या घोड्यांपैकी बहुसंख्य जगतात, परंतु पूर्वीच्या कामावर परततात ते निम्म्याच्या आसपासच. टाचेच्या सांध्याच्या वरची धोंडशीर तुटली तर आशा आणखी क्षीण, कारण तेथे पाय सरळ धरून ठेवील अशी बांधणीच नीट बसत नाही.

याखेरीज आणखी दोन बाबी निर्णायक ठरतात. घोट्याच्या वरून खुराच्या मागच्या खळगीपर्यंत या कंडरा स्निग्ध द्रवाने भरलेल्या एका आवरणातून सरकतात. ते आवरण फाटले आणि आत घाण शिरली, तर कंडरा जुळली तरी आवरणातील पू घोड्याला कायमचा लंगडा करू शकतो. म्हणून नळीच्या मध्यावरची जखम कितीही भयंकर दिसो, ती घोट्याखालच्या लहानशा छेदापेक्षा पुष्कळदा बरी. दुसरी बाब रक्तवाहिन्यांची: घोट्याखाली दोन्ही बाजूंच्या मुख्य वाहिन्या तुटल्या असतील तर खुराला रक्तच मिळत नाही, आणि मग कंडरेची चर्चाच उरत नाही.

पहिले काही तास

या टप्प्याविषयी जाणकारांत मतभेद जवळजवळ नाही, आणि तरीही प्रत्यक्षात बहुसंख्य घोड्यांचे नुकसान येथेच होते. तुटलेल्या कंडरेच्या घोड्याला आहे तसा चालवून दवाखान्यापर्यंत नेला, किंवा टेम्पोत उभा करून खडबडीत रस्त्याने हलविला, तर अर्धवट शाबूत असलेले तंतूही तुटतात, टोके चिंध्या होऊन वर सरकतात आणि फाटलेल्या आवरणात माती भरते. म्हणून घोडा जेथे उभा आहे तेथेच प्रथम त्याचा पाय स्थिर करावा, हे पहिले सूत्र. स्वच्छ पाण्याने किंवा उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, स्वच्छ फडके व कापसाचे जाड थर देऊन घट्ट पट्टी बांधावी. रक्तस्राव पट्टीच्या दाबाने थांबवावा, वर दोरी आवळून नव्हे. मागच्या बाजूची कंडरा तुटली असेल तर टाच उंच राहील आणि घोट्यापासून खुराच्या टोकापर्यंतची हाडे एका रेषेत येतील अशी खपाची पुढच्या बाजूस बांधावयाची. पुढच्या बाजूची तुटली असेल तर खूर दुमडू नये अशी, पाऊल सपाट ठेवून. खपाचीसाठी विदेशात खास धातूची साधने मिळतात, परंतु आपल्या शेतांतून पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप सहज मिळतो. तो लांबीत चिरून अर्धा केला आणि कडांना कापड गुंडाळले, तर त्याच्याइतकी उपयुक्त खपाची बाजारात विकत मिळणेही कठीण.

जखमेत हळद, राख, चुना, रॉकेल किंवा शेण भरण्याची पद्धत मात्र येथे फार अपाय करते, कारण वैद्य पोहोचेपर्यंत कंडरेची टोके ओळखू येत नाहीत आणि आवरणात जे जाते ते धुऊन निघत नाही. हळदीच्या गुणांविषयी येथे वाद नाही. येथील प्रश्न उघड्या कंडरेचा आहे. धनुर्वाताची लस ही तर टाळता न येणारी गोष्ट आहे, कारण पाळीव जनावरांत घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे दुसरे कोणी नाही, आणि पायाची खोल, मातीने भरलेली जखम हे त्याचे प्रशस्त द्वार होय. वेदनाशामकांविषयी एक स्थानिक दक्षता आवश्यक आहे: डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांचा नाश होत असल्याचे सिद्ध झाल्यावर जनावरांसाठी त्याचे उत्पादन २००६ साली बंद करण्यात आले, आणि २०२३ साली केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांच्यावरही बंदी आली; अशा प्रसंगी मेलोक्सिकॅमसारखा पर्याय उपलब्ध आहे आणि तोच वापरणे इष्ट आहे.

टाके घालावेत की नुसते बांधावे

या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला वाद हा आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, जखम ताजी, स्वच्छ, धारदार वस्तूने झालेली असेल, तर भूल देऊन, मृत ऊती काढून, दोन्ही टोके टाक्यांनी जुळवावीत; त्यामुळे मधले अंतर कमी राहते, व्रण लहान होतो, तंतू योग्य दिशेने मांडले जातात आणि पुढे घोटा कमी खाली बसतो. यासाठी हाताच्या शस्त्रक्रियेतून आलेला केसलरचा अडकणारा टाका आणि तीन फेऱ्यांचा कप्पीसारखा टाका, असे दोन प्रकार विशेष वापरात आहेत. त्यांपैकी दुसरा अंतर पडू न देण्यात सरस ठरतो, असे प्रयोगशाळांतील ताणपरीक्षांवरून दिसून आले आहे. एके काळी अंतर फार असेल तेथे कार्बनच्या तंतूंचा पूल घालण्याचाही प्रयोग झाला. त्याविषयीचा आरंभीचा उत्साह टिकला नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, कोणताही टाका चारशे किलोच्या जनावराचा भार पेलू शकत नाही. भार पेलतो तो साचा, आणि साचा नीट असेल तर टाक्यांविनाही मधले अंतर तंतुमय ऊतीने भरून निघते. शिवाय मातीने भरलेल्या, चिंध्या झालेल्या जखमेत टाके म्हणजे जंतूंना आश्रय. पाय ताणणाऱ्या कंडरांच्या बाबतीत हे म्हणणे आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे: त्या फारशा कोणी टाक्यांनी जुळवीत नाही, आणि त्या नुसत्या बांधणीनेच बऱ्या होतात. पाय आखडणाऱ्या कंडरांच्या बाबतीत मात्र ताजी स्वच्छ जखम असेल तर टाके, आणि जुनी दूषित जखम असेल तर प्रथम धुलाई, प्रतिजैविके आणि उघडी मलमपट्टी, व नंतर जमल्यास उशिराने शिवण, अशी मध्यममार्गी प्रथा सर्वत्र रूढ होत चालली आहे. दोन्ही मार्गांची तुलना समान जखमांवर, यादृच्छिक पद्धतीने झालेली नाही. रुग्णालयांच्या जुन्या नोंदींवरच विसंबावे लागते, आणि त्या नोंदींत ज्यांना टाके घातले त्यांच्या जखमा मुळातच चांगल्या असण्याचा संभव फार, त्यामुळे टाक्यांचे श्रेय किती आणि जखमेचे किती, हे सांगता येत नाही.

बीडच्या संदर्भात या वादाचे स्वरूप बदलते. भूल देऊन घोड्याला आडवा पाडणे झायलाझिन आणि केटामिन यांच्या साह्याने शेतावरही शक्य आहे. परंतु शुद्धीवर येताना घोडा ज्या तडफेने उठतो, त्यात साचा मोडून, टाके तुटून, कधीकधी दुसरा पाय मोडून सर्व श्रम फुकट जाण्याचा धोका असतो. परभणी आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, परंतु आष्टी किंवा पाटोदा तालुक्यातील खेड्यातून तेथवर जाईतो पहिले मौल्यवान तास निघून जातात. तालुक्याच्या लघु पशुसर्वचिकित्सालयातील वैद्याचा हात बहुधा बैलावर बसलेला असतो, आणि हे स्वाभाविकच आहे, कारण ऊसतोडीसाठी दरसाल बैलगाड्या घेऊन बाहेर पडणाऱ्या या जिल्ह्यात बैलाचा व्याप फार मोठा आहे. पण बैल आठवडे-आठवडे बसून राहू शकतो, घोडा तसे राहू शकत नाही, आणि दोहोंच्या उपचारांतील हा भेद लहान नव्हे. माझे मत विचाराल तर, येथे शिवण ही दुय्यम बाब मानून उत्तम बांधणी आणि उत्तम धुलाई यांवरच भर देणे शहाणपणाचे ठरेल. अपवाद ताज्या, स्वच्छ आणि जाणत्या हाती लागलेल्या जखमेचा.

साचा, नाल आणि महिने

कंडरा भरून येण्याची गती मंद आहे, आणि या मंदपणाला फाटा देण्याचा कोणताही उपाय अद्याप हाती आलेला नाही. पहिले काही दिवस दाहाचे. नंतर सहाएक आठवडे नवीन, दुबळ्या तंतूंची भरणी. आणि पुढे वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ त्या तंतूंची जागा हळूहळू अधिक बळकट तंतू घेत राहतात. मूळची लवचिकता पूर्णपणे परत येत नाही. म्हणूनच मागच्या बाजूच्या कंडरांच्या जखमेत खुरासकट पायाचा साचा सहा ते आठ आठवडे, मध्यंतरी एकदा-दोनदा बदलून, आणि त्यानंतर काही आठवडे खपाचीची पट्टी, अशी पद्धत आहे. साचा निघाल्यावर उंच टाचेची, मागे लांब निघालेली नाल ठोकून ती हळूहळू उतरवीत आणतात, जेणेकरून कंडरेवरचा ताण क्रमाक्रमाने वाढावा. या नालेची घडण जाणत्या नालबंदावाचून होत नाही, आणि चांगला नालबंद हा आज बीड जिल्ह्यात पशुवैद्याहूनही दुर्मीळ झाला आहे.

हालचाल केव्हा सुरू करावी, याविषयी दोन मते आहेत. माणसाच्या हातावरील शस्त्रक्रियेत १९६० नंतर असे दिसून आले की, जुळवलेली कंडरा लवकर हलविली तर ती आवरणाला चिकटत नाही; त्यावरून घोड्यातही लवकर, नियंत्रित चाल द्यावी असा विचार पुढे आला. प्रतिपक्ष म्हणतो की, माणसाला बोट अमुक इतकेच हलव असे सांगता येते, घोड्याला येत नाही; तो एका उडीत सर्व शिवण फाडून टाकील. आज बहुतेकजण सुमारे तीन महिने तबेल्यात बंदिस्त ठेवून, मग हातात धरून दररोज थोडी थोडी चाल, सहाव्या महिन्याच्या सुमारास लहान वाड्यात मोकळीक आणि नऊ ते बारा महिन्यांनी काम, असा क्रम पाळतात. १९८० च्या दशकापासून ध्वनिलहरींच्या यंत्राने कंडरेतील तंतूंची भरणी पाहता येऊ लागली, त्यामुळे पुढची पायरी केव्हा चढावी हे ठरविणे अधिक सोपे झाले आहे; जेथे यंत्र नाही तेथे स्पर्श, उष्णता आणि चाल यांवरच विसंबावे लागते.

या महिन्यांत जे धोके उद्भवतात, ते मूळ जखमेपेक्षा कमी घातक नाहीत. जखमी पाय उचलून धरल्याने दुसऱ्या पायावर अहोरात्र भार पडतो, आणि त्या निरोगी पायाच्या खुराच्या आतील नाजूक पदर सुजून खुराचे हाड खाली फिरू शकते. अमेरिकेतील बार्बारो हा नामांकित शर्यतीचा घोडा २००६ साली मागच्या पायाचे हाड मोडल्यावर उत्तमोत्तम शस्त्रक्रियेने वाचला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याच्या मृत्यूला मुख्यतः हीच आपत्ती कारण झाली. त्याची दुखापत कंडरेची नव्हती, परंतु धोका तोच. म्हणून निरोगी खुराखाली मऊ आधार देणे आणि दाणा कमी करून वैरण व पाणी भरपूर ठेवणे, या दोन गोष्टी सुरुवातीपासून पाळाव्या लागतात. बंदिस्त घोड्याला पूर्वीइतकीच चंदी चारीत राहणे म्हणजे पोटशूळाला आमंत्रण. बीडच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा साच्याच्या आत घाम, उष्णता आणि घर्षण यांनी व्रण पडतात. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या होतात. घोट्याखालच्या जखमेवर घोड्याच्या अंगी मांस वाढण्याची खोडही फार, आणि ते जाळण्यासाठी मोरचूद लावण्याची जुनी रीत अद्याप आहे. परंतु मोरचूद वाढलेल्या मांसाबरोबर नवीन कातडीही जाळतो. दाबाची पट्टी आणि वाढलेले मांस वैद्याच्या हातून कापून घेणे, हा त्याहून बरा उपाय.

डाग, लेप आणि नवी औषधे

तापलेल्या लोखंडाने पायावर रेघा ओढण्याची रीत आपल्याकडे, अरबांकडे आणि युरोपातही शतकानुशतके होती. डाग देणाऱ्यांचे समर्थन असे की, दाह वाढल्याने रक्त खेचले जाते आणि कंडरा बळकट होते. ब्रिस्टल येथे इयन सिल्व्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केलेला अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात डागाने कंडरा अधिक लवकर किंवा अधिक चांगली भरून येते असे आढळले नाही. १९९१ साली ब्रिटनच्या शाही पशुवैद्य महाविद्यालयाने ही पद्धत नीतीविरुद्ध ठरविली. तिचे समर्थक म्हणत आले की, डागलेला घोडा सक्तीने अनेक महिने उभा ठेवावा लागतो आणि त्यामुळे तो बरा होतो. विश्रांतीचा हा युक्तिवाद खरा आहे, परंतु विश्रांती डागाविनाही देता येते. बिब्ब्याच्या तीव्र लेपाविषयीही हेच म्हणावे लागेल, आणि उघड्या जखमेवर तर तो कधीच लावू नये.

दुसऱ्या टोकाला नवी जैविक औषधे आहेत. घोड्याच्याच अस्थिमज्जेतून वाढविलेल्या मूलपेशी कंडरेत सोडण्याचा पहिला वृत्तांत लंडनच्या शाही पशुवैद्यक विद्यालयातील रॉजर स्मिथ यांच्या गटाने २००३ साली दिला. त्याच सुमारास रक्तातील बिंबाणूंचा अर्क टोचण्याचीही प्रथा सुरू झाली. परंतु हे सारे काम मुख्यत्वे शर्यतीच्या घोड्याच्या, आतून ताणल्या गेलेल्या कंडरेवरचे आहे, जेथे कातडी शाबूत असते आणि मध्ये एक पोकळी तयार होते. सरळ तुटलेल्या आणि उघड्या पडलेल्या कंडरेवर त्याचा उपयोग किती, याचा पुरावा तोकडा आहे. कातरलेल्या नसेच्या घोड्याला मूलपेशींनी बरे करण्याच्या जाहिराती मालकाने फार सावधपणे वाचाव्यात.

अनिर्णित राहिलेले

सर्वांत कठीण प्रश्न शस्त्राचा नसून निर्णयाचा आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या १३ व्या कलमात असह्य यातनांत असलेल्या जनावराला वेदनारहित मृत्यू देण्याची तरतूद आहे, आणि तिन्ही आधार तुटून घोटा जमिनीला टेकलेल्या, किंवा खुराचा रक्तपुरवठा गेलेल्या घोड्याच्या बाबतीत बहुतेक पशुवैद्य याच मार्गाचा सल्ला देतात. इतरांच्या बाबतीत मते विभागतात. कोणी म्हणतो, कामावर परतण्याची आशा निम्मी आहे, तर वर्षभर यातना आणि खर्च कशासाठी. कोणी म्हणतो, कुरणात चरण्यापुरता आणि शिंगरे देण्यापुरता घोडा वाचला तरी तो वाचलाच, आणि घोडीच्या बाबतीत हे म्हणणे विशेष बलवान आहे. ज्याची मिळकतच लग्नसराईवर आहे, त्याला मात्र वर्षभर बिनकमाईच्या जनावराला वैरण घालावी लागते, आणि अवर्षणाच्या वर्षी, जेव्हा जिल्ह्यात गुरांच्या छावण्या उघडतात, तेव्हा घोड्याचा विचार शासनाच्या कागदावर सर्वांत शेवटी होतो. अशा मालकाला दोष देणे अन्यायाचे आहे. परंतु तो घोडा अर्धवट बरा झालेला असताना पुन्हा वरातीत नाचविला जातो आणि मग कायमचा जातो, हेही तितकेच खरे. १९३४ साली कैरो येथे डॉरथी ब्रुक यांनी थकल्या-भागल्या लष्करी घोड्यांसाठी जो दवाखाना काढला, त्याच्या परंपरेतील संस्था जगभर श्रमिक घोड्यांच्या मालकांसोबत काम करतात, आणि त्यांचा भर जनावराइतकाच मालकाच्या संसारावर असतो. आपल्याकडे या दिशेने तुरळक प्रयत्न झाले आहेत.

शास्त्रीय बाजूने पाहता अनिर्णित राहिलेल्या बाबींत तीन मुख्य दिसतात. टाक्यांचा खरा लाभ किती, हे समतोल तुलनेवाचून कळणार नाही. उष्ण प्रदेशात साचा किती दिवस ठेवावा आणि तो किती वेळा बदलावा, हे प्रमाण थंड देशांच्या अनुभवावरून घेतलेले आहे आणि आपल्या उन्हाला ते जसेच्या तसे लागू पडेल असे मानण्यास आधार नाही; हिसार येथे १९८५ पासून राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे आणि मराठवाड्यात दोन महाविद्यालये आहेत, तेव्हा हा प्रश्न हाती घेण्यास संस्थांची वाण नाही. तिसरी बाब नोंदींची. १९६२ क्रमांकावर बोलावलेल्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाने किंवा श्रेणी एकच्या दवाखान्याने पाय बांधून दिलेला घोडा सहा महिन्यांनी आणि वर्षाने कसा चालतो, हे विचारण्याची कोणतीही पद्धत जिल्ह्यात नाही. दप्तरात उपचाराची तारीख राहते, परिणाम राहत नाही. कोणती कंडरा, जखम किती तासांची, आवरण फाटले होते की नाही, पाय किती आठवडे बांधला, आणि वर्षाअखेर घोडा काय काम करतो, एवढे पाच रकाने एखाद्या वहीत तालुक्यातालुक्यांतून भरले गेले, तर वरील वादांपैकी निदान काहींचा निकाल येथल्याच जनावरांवरून लागू शकेल.